अंतुलेंना अटक झाली नव्हती

२० ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत एकशे तिसाव्या घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक होऊन सलग तीस दिवस कोठडीत राहिलेला पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा मंत्री एकतिसाव्या दिवशी पदावरून जाईल, असे हे विधेयक सांगते. विरोधी सदस्यांनी प्रती फाडल्या, विधेयक संयुक्त समितीकडे पाठवायचे ठरले आणि तेव्हापासून हा वाद दोनच वाक्यांत अडकून पडला आहे. एक बाजू विचारते, तुरुंगात बसून सरकार चालवू द्यायचे का? दुसरी म्हणते, विरोधकांची सरकारे पाडण्याचा हा डाव आहे. पहिल्या वाक्यात अटक झाली म्हणजे गुन्हा झालाच, असे धरून चाललेले असते. दुसऱ्यात शिक्षा होईपर्यंत प्रत्येक नेता धुतल्या तांदळासारखा, असे. मला दोन्ही मान्य नाही. नेत्याने पद कधी सोडावे, हे तपास यंत्रणेने त्याला कधी धरले यावरून ठरता कामा नये, आणि त्यासाठी शेवटच्या अपिलाच्या निकालापर्यंत देशाने ताटकळत बसणेही योग्य नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे. ती आपल्या सार्वजनिक जीवनात होती, महाराष्ट्रात तर ठसठशीत होती, आणि ती हळूहळू मोडत गेली तेव्हा सगळ्याच पक्षांनी हातभार लावला.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. मोठ्या धडाक्याचा माणूस. संजय गांधी निराधार योजना त्यांच्या काळातली, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे त्यांच्या काळातले, कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले तेही त्यांच्याच काळात. कोकणात त्यांचे नाव आदराने घेणारी माणसे आजही भेटतात आणि त्या आदरात खोटे काही नाही. त्या दिवसांत सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. टंचाई कायमची, वाटप परवान्याने, आणि मुंबईत इमारती उभ्या करणाऱ्यांचा सगळा धंदा त्या परवान्यावर अवलंबून. अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि आणखी काही न्यास काढले. त्यांत बांधकाम व्यावसायिकांच्या देणग्या जमू लागल्या. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी या देणग्यांचा हिशेब लोकांसमोर ठेवला. प्रा. पी. बी. सामंत आणि त्यांचे सहकारी मुंबई उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्या. बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला की, न्यासांना मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा एकमेकांशी संबंध आहे. त्या निकालानंतर मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला.

तेव्हा काय काय घडलेले नव्हते, हे आज नीट पाहण्यासारखे आहे. त्यांना अटक झालेली नव्हती. आरोपपत्र नव्हते, कोठडी नव्हती, कोणत्याही केंद्रीय यंत्रणेने छापे घातलेले नव्हते. न्यायालयापुढचा प्रश्न ‘हा माणूस गुन्हेगार आहे का’ असा नव्हताच. सरकारी अधिकाराचा वापर नियमाने झाला की देणगी पाहून झाला, एवढेच तपासायचे होते. ती एक रिट याचिका होती आणि ती वर्षाच्या आत निकाली निघाली. याउलट फौजदारी बाजूचे काय झाले ते पाहा. भाजपचे रामदास नायक यांनी तक्रार दाखल केली. राज्यपालांची परवानगी लागते की नाही यावर वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी खटला लवकर संपावा म्हणून तो विशेष न्यायाधीशाकडून उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की, तसे सोपवणे कायद्याला धरून नव्हते आणि त्यामुळे आरोपीच्या हक्कांना बाधा आली. डिसेंबर १९९१ मध्ये त्याच दोन नावांच्या वादात जलद खटल्याच्या हक्काबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली गेली. ती तत्त्वे देशभरचे वकील आजही अंतुले यांच्या नावाने उद्धृत करतात. अंतुले पुढे नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले, मनमोहन सिंग यांच्या मंत्रिमंडळात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले आणि २०१४ मध्ये वारले. या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली नाही.

आता तीस दिवसांचा नियम १९८२ सालावर लावून पाहा. अंतुले मुख्यमंत्री राहिले असते. ज्या प्रकरणाने महाराष्ट्राच्या राजकारणाला सर्वांत मोठा हादरा दिला, त्यात हे विधेयक कामाचेच ठरले नसते, कारण ते कोठडीचे दिवस मोजते आणि सत्तेच्या गैरवापराकडे पाहतच नाही. आणि दुसऱ्या बाजूचे ‘शिक्षा होईपर्यंत निर्दोष’ हे तत्त्व लावले असते, तरीही अंतुले मुख्यमंत्री राहिले असते. दोन्ही पक्ष आज जी मोजपट्टी हातात घेऊन भांडत आहेत, तिने तो राजीनामा मापताच येत नाही. मग तो कोणत्या मापाने आला?

ते माप या देशाला प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दशकात सापडले होते. १९५१ मध्ये हंगामी संसदेतले एक सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन सभागृहात तिची बाजू मांडली, असा आरोप झाला. सभागृहाने जूनमध्ये चौकशी समिती नेमली आणि सप्टेंबरमध्ये मुदगल यांना जावे लागले. त्या समितीचे अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी होते. सहा-सात वर्षांनी हेच कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतल्याचे उघड झाले. प्रश्न लावून धरणारे फिरोज गांधी सत्ताधारी बाकांवरचेच होते. चौकशी सोपवली ती मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे. छागलांनी मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि गर्दी इतकी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. जानेवारी १९५८ मध्ये सुरू झालेले काम फेब्रुवारीत अहवालासह संपले. मंत्र्याने स्वतःच्या खिशात पैसे घातले असे छागला म्हणाले नाहीत. सचिवाने केलेल्या व्यवहाराची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असे ते म्हणाले. कृष्णम्माचारी यांनी त्याच महिन्यात पद सोडले. पुढे ते नेहरूंच्याच मंत्रिमंडळात परतले.

सभागृहाची चौकशी, न्यायमूर्तींची जाहीर चौकशी आणि नागरिकांची रिट याचिका या तीन वाटांपैकी एकीतही तुरुंग लागत नाही. महाराष्ट्राने तर या वाटा पुन्हापुन्हा तुडवल्या. १९८६ मध्ये मुलीच्या एम. डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणी उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्रिपदावरून गेले. त्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने रुग्ण दगावले. त्या चौकशीचा अहवाल याच लेंटिन यांनी दिला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. २०१० मध्ये ‘आदर्श’ इमारतीचे प्रकरण निघाल्यावर अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिला, तोही अटकेविना. या राजीनाम्यांमागे सगळीकडे विवेकच होता असे मी म्हणणार नाही. दिल्लीच्या श्रेष्ठींचा इशारा, पक्षांतर्गत विरोधकांचा दबाव, निवडणुकीची भीती, हे सगळे होतेच. तरीही एक मर्यादा ओलांडली की पदावर राहता येत नाही, ही समज लोकांत होती आणि राजकारण्यांनाही तिची दखल घ्यावी लागत होती.

ती समज कशी विरली याचे चित्र अलीकडच्या एकाच मंत्रिमंडळात दिसते. ५ एप्रिल २०२१ रोजी उच्च न्यायालयाने गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरील आरोपांची सीबीआयमार्फत प्राथमिक चौकशी करण्याचा आदेश दिला आणि त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. अटक त्यानंतर कित्येक महिन्यांनी झाली. त्याच महाविकास आघाडीतले मंत्री नवाब मलिक यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये ईडीने अटक केली. त्यांची खाती दुसऱ्यांकडे दिली गेली, पण सरकार जूनमध्ये कोसळेपर्यंत ते मंत्री म्हणून कायम राहिले. एका वर्षाच्या आत तीच आघाडी दोन मापे वापरते, याचे कारण काय? आघाडीचे उत्तर होते की दरम्यान ईडीचा वापर उघडपणे राजकीय झाला आणि अशा अटकेला मान तुकवून राजीनामा देणे म्हणजे शरण जाणे. हे उत्तर मला पुरते पटत नाही, पण ते पोकळही वाटत नाही.

आता विधेयकाच्या बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे घेतो. ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दिल्लीचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांना २१ मार्च २०२४ रोजी अटक झाली. पद त्यांनी सोडले ते सप्टेंबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनावर बाहेर आल्यानंतर. मधल्या बहुतेक काळात देशाच्या राजधानीचा मुख्यमंत्री तिहारमध्ये होता, फायली अडल्या होत्या, मंत्रिमंडळाच्या बैठका अडल्या होत्या. तमिळनाडूत सेंथिल बालाजी जून २०२३ मध्ये अटकेत गेले आणि आठेक महिने बिनखात्याचे मंत्री राहिले. हे लोकशाहीचे रक्षण आहे, असे मानणे मला जमत नाही. घटनाकारांनी असा प्रसंग कल्पिला नव्हता, कारण इतका निगरगट्टपणा त्यांना कल्पवला नसावा, हे सत्ताधाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. शहा यांचा स्वतःबद्दलचा दाखलाही बरोबर आहे. सोहराबुद्दीन यांच्या कथित बनावट चकमकीच्या प्रकरणात जुलै २०१० मध्ये अटक होण्याआधी त्यांनी गुजरातच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. झारखंडच्या हेमंत सोरेन यांनीही जानेवारी २०२४ मध्ये तेच केले. म्हणजे ज्यांना करायचे होते त्यांनी केले. ज्यांनी केले नाही त्यांच्यासाठी नियम हवा, एवढा भाग मी मान्य करतो.

दुसरा मुद्दा सामान्य माणसाला चटकन पटतो. केंद्राच्या सेवानियमांनुसार अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी निलंबित समजला जातो. शिपायाला एक न्याय आणि मंत्र्याला दुसरा का? प्रश्न रास्त आहे, पण तुलना अर्धीच केली जाते. त्या शिपायाची नोकरी जात नाही. निलंबन होते, त्याला निर्वाह भत्ता मिळतो, नव्वद दिवसांत त्या निलंबनाचा आढावा घ्यावा लागतो. विधेयक मंत्र्याला निलंबित करत नाही, पदावरून काढते. सुटल्यावर पुन्हा नेमणूक होऊ शकते अशी सोय त्यात आहे, पण मुख्यमंत्र्याच्या बाबतीत ती सोय कागदावरची आहे. मुख्यमंत्री गेला की त्याच्याबरोबर सारे मंत्रिमंडळ जाते. विधिमंडळ पक्ष नवा नेता निवडतो, काठावरचे आमदार हलतात, राज्यपालांचे काम सुरू होते. २०१९ ची पहाटेची शपथ आणि २०२२ चे सुरत-गुवाहाटी पाहिलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायची गरज नाही. एकतिसाव्या दिवशी पडलेले सरकार चौसष्टाव्या दिवशी जामीन मिळाला म्हणून परत उभे राहत नाही. शिवाय शिपायाला अटक करणारी यंत्रणा त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती नसते.

तिसरा मुद्दा कायदेशीर आहे आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तीस दिवसांत न्यायालय जामिनाचा विचार करतेच. आरोपात दम नसेल तर माणूस सुटेल आणि पद वाचेल, असे सांगितले जाते. साध्या गुन्ह्यांत कदाचित तसे घडेल. पण राजकारण्यांच्या अटका गेली काही वर्षे होत आहेत त्या प्रामुख्याने मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली. त्याच्या पंचेचाळिसाव्या कलमानुसार आरोपी दोषी नसावा असे मानायला वाजवी आधार आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. खटला सुरू होण्याआधीच आरोपीने आपले निर्दोषत्व जवळजवळ दाखवून द्यायचे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये हे कलम वैध ठरवले. दिल्लीचे माजी उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया सतरा महिने आत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये जामीन मिळाला तो खटला नजीकच्या काळात संपण्याची चिन्हे नव्हती म्हणून. पत्राचाळ प्रकरणात संजय राऊत तीन महिन्यांहून अधिक काळ आत राहिले, आणि जामीन देताना मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांची अटकच बेकायदा असल्याचे म्हटले. राऊत त्या वेळी मंत्री असते तर? ऑगस्टअखेर त्यांचे पद गेले असते आणि अटक बेकायदा होती हे नोव्हेंबरमध्ये कळले असते.

याहून गंभीर बाब फौजदारी प्रक्रियेतच आहे. आरोपीला कोठडीत ठेवून तपास करणाऱ्या यंत्रणेला आरोपपत्र दाखल करायला साठ दिवस मिळतात, गंभीर गुन्ह्यांत नव्वद. म्हणजे आपला आरोप नेमका काय आहे, हे यंत्रणेने न्यायालयाला पूर्णपणे लिहून देण्याची वेळ येण्याच्या किमान महिनाभर आधी, लोकांनी निवडून दिलेला मुख्यमंत्री घरी गेलेला असेल. न्यायाधीशाने आरोप वाचलेला नाही, पुरावा तपासलेला नाही, आरोपीच्या वकिलाला तो खोडायची संधी मिळालेली नाही, आणि निर्णय लागून गेलेला आहे. भ्रष्टाचाराविरुद्ध लढणाऱ्या माणसाने या व्यवस्थेचे स्वागत का करावे?

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारनेच राज्यसभेत दिलेली माहिती सांगते की, आधीच्या दहा वर्षांत आजी-माजी खासदार, आमदार, स्थानिक नेते वगैरे राजकारण्यांविरुद्ध ईडीने १९३ प्रकरणे नोंदवली आणि त्यांपैकी २ मध्ये दोष सिद्ध झाला. यावर सरकारचे उत्तर आहे की बहुतेक खटले प्रलंबित आहेत आणि ईडीचे जे खटले निकाली निघाले त्यांत दोषसिद्धीचे प्रमाण चांगले आहे. ते खोटे नाही. दोन शिक्षा झाल्या म्हणून उरलेले सगळे आरोप बनावट, असा निष्कर्ष मी काढत नाही. पण अटक आणि निकाल यांच्यात एवढी दरी असलेल्या देशात अटकेलाच घटनात्मक परिणाम जोडणे म्हणजे त्या दरीचाच शिक्षा म्हणून वापर करणे.

१९७७ चा प्रसंग जनता पक्षाच्या वारसदारांनी तरी विसरू नये. आणीबाणीतल्या अत्याचारांचा हिशेब देशाला हवा होता. न्या. जे. सी. शहा आयोग तो मांडत होता, साक्षी होत होत्या. पण ३ ऑक्टोबरला सरकारने भ्रष्टाचाराच्या आरोपांखाली इंदिरा गांधींना अटक केली आणि दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडून दिले, कारण कोठडीला आधार देणारा पुरावा समोर ठेवला गेला नव्हता. आयोगासमोर येत असलेला सज्जड तपशील मागे पडला आणि अटक झालेली बाई लोकांच्या नजरेत अन्यायग्रस्त ठरली. अडीच वर्षांत त्या पुन्हा पंतप्रधान होत्या. अटकेवर भिस्त ठेवली की खरे प्रकरणही कसे हातचे जाते, याचा याहून बोलका दाखला आपल्या इतिहासात मला सापडत नाही.

इतके म्हटल्यावर विरोधकांच्या बाजूकडे वळायला हवे, कारण तिथली ढिलाईही कमी घातक नाही. ‘न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही’ हे वाक्य गेली तीसेक वर्षे ढालीसारखे वापरले जात आहे. चारा घोटाळा उघड झाला १९९६ मध्ये. लालूप्रसाद यादव यांना पहिली शिक्षा झाली २०१३ मध्ये. जयललिता यांच्यावरचा बेहिशेबी मालमत्तेचा खटला १९९६ च्या तक्रारीतून उभा राहिला. २०१४ मध्ये शिक्षा, २०१५ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष, आणि सर्वोच्च न्यायालयाने विशेष न्यायालयाचा निकाल पुन्हा उचलून धरला तो फेब्रुवारी २०१७ मध्ये, जयललिता वारल्यानंतर. शेवटच्या निकालापर्यंत थांबायचे म्हटले तर दोन पिढ्या थांबायचे. आणि निर्दोष सुटका म्हणजे कारभार स्वच्छ होता, हेही खरे नाही. टू-जी दूरसंचार परवान्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले, कारण वाटप मनमानी होते. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने माजी दूरसंचारमंत्री ए. राजा यांच्यासह सर्व आरोपींना सोडले, कारण गुन्हा सिद्ध झाला नाही. हे दोन निकाल परस्परविरोधी आहेत असे अनेकांना वाटते. मला वाटत नाही. एका न्यायालयाने कारभार तपासला, दुसऱ्याने गुन्हा. मंत्र्याने पदावर राहावे की नाही, हा प्रश्न पहिल्या तपासणीचा आहे.

हे सत्ताधाऱ्यांनाही लागू आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने नोंदवले की, तपास यंत्रणांच्या कारवाईला तोंड देणारे २५ विरोधी नेते २०१४ नंतर भाजपमध्ये किंवा त्याच्या मित्रपक्षांत गेले आणि त्यांतल्या २३ जणांना कारवाईत दिलासा मिळाला. ‘आदर्श’ प्रकरणात खटल्याची परवानगी एका राज्यपालांनी नाकारली, केंद्रात आणि राज्यात सरकार बदलल्यावर दुसऱ्यांनी दिली आणि नवा पुरावा नाही म्हणून उच्च न्यायालयाने ती २०१७ मध्ये रद्द केली. महाविकास आघाडीने ऑक्टोबर २०२० मध्ये सीबीआयला राज्यात तपासासाठी दिलेली सरसकट संमती काढून घेतली; शिंदे सरकारने २०२२ मध्ये ती परत दिली. दार उघडणारा आणि लावणारा दोघेही राजकीय हिशेबानेच वागत असतील, तर त्या दारातून कोण आत जातो यावर घटनेतली तरतूद बेतायची?

मग मधली जागा कायद्यात कुठे शोधायची? माझ्या मते ती आरोपनिश्चितीच्या टप्प्यावर आहे. आरोपपत्र दाखल झाल्यावर न्यायाधीश कागदपत्रे पाहतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि खटला चालवण्याइतका आधार आहे का, हे ठरवतो. आधार नसेल तर आरोपीला वगळतो. ही चाळणी नावापुरती नाही. हवाला डायऱ्यांच्या प्रकरणात लालकृष्ण अडवाणी याच टप्प्यावरच्या वादात १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातून सुटले. सोहराबुद्दीन प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने अमित शहा यांना वगळले ते याच टप्प्यावर. छगन भुजबळ दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते आणि महाराष्ट्र सदनाच्या लाचलुचपत प्रकरणातून सप्टेंबर २०२१ मध्ये वगळले गेले तेही इथेच. या तिघांपैकी दोघे तीस दिवसांच्या नियमात सापडले असते. विधी आयोगाने २०१४ च्या २४४ व्या अहवालात पाच वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत आरोपनिश्चिती झाली की निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवावे, अशी शिफारस सुरक्षिततेच्या अटींसह केली होती. त्याच वर्षी मनोज नरुला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांकडून अपेक्षा व्यक्त केली की, गंभीर गुन्ह्यांत आरोप निश्चित झालेल्यांना त्यांनी मंत्री करू नये. सक्ती केली नाही. घटनेने टाकलेल्या विश्वासावर सोडले. त्या विश्वासाचे सर्व पक्षांनी काय केले ते कोणतेही मंत्रिमंडळ पाहिले तर दिसते. संसदेला खरोखर काही करायचे असेल तर हे वाक्य घटनेत लिहावे: आरोपनिश्चिती झाली की मंत्रिपद गेले.

यावर पहिला आक्षेप येईल की आरोपनिश्चितीलाच वर्षे लागतात. लागतात, हे खरे. म्हणून मुदत घालावी लागेल: मंत्र्याविरुद्धचे आरोपपत्र दाखल झाल्यापासून ठरावीक महिन्यांत विशेष न्यायालयाने निर्णय द्यायचा, उच्च न्यायालयाने त्यावर लक्ष ठेवायचे, तारखा मागणाऱ्या बाजूला त्याची किंमत मोजायला लावायची. खासदार-आमदारांचे खटले आरोपनिश्चितीपासून वर्षभरात संपवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिलेलाच आहे. न्यायाधीश आणि सरकारी वकील पुरवले नाहीत म्हणून तो कोरडा राहिला. दुसरा आक्षेप कोठडीतल्या मुख्यमंत्र्याचा. त्यावर पद काढून घेण्याची गरज नाही, अधिकार काढून घेणे पुरे. कोठडी ठरावीक दिवसांपलीकडे गेली की मंत्र्याचे खाते आणि मुख्यमंत्र्याचा कारभार मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्याकडे आपोआप जाईल, अशी तरतूद करता येते. तिहारमधून फाईलवर सही होणार नाही आणि अटकेच्या जोरावर सरकारही पडणार नाही. शिपायाचा न्याय मंत्र्याला लावायचा असेल, तर तो खरोखर हाच आहे.

आणि फौजदारी कायदा पोचतच नाही अशा प्रकरणांसाठी जुन्या तीन वाटा पुन्हा चालत्या कराव्या लागतील. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना खासदार कॅमेऱ्यात दिसले. प्रक्षेपणानंतर अकरा दिवसांत दोन्ही सभागृहांनी मिळून अकरा जणांना काढले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ते वैध ठरवले. ते अकरा जण एका पक्षाचे नव्हते. सभागृहाला मनात आणले की जमते, याला आणखी पुरावा कशाला हवा? चौकशी आयोग आज वर्षानुवर्षे रेंगाळतात, कारण सरकार त्यांना मुदतवाढ देत राहते आणि अहवाल आला तरी तो सभागृहात मांडायला टाळाटाळ करते. छागलांचे काम महिन्याभरात झाले ते सुनावणी उघड होती आणि प्रश्न नेमका होता म्हणून.

राहता राहिला पंतप्रधानांचा प्रश्न. विधेयकाने पंतप्रधानांनाही कक्षेत घेतले, ही त्याची मोठी जमेची बाजू म्हणून सांगितली जाते, आणि तत्त्व म्हणून मला ती पटतेही. पण सीबीआयचे प्रशासन ज्या कार्मिक खात्याकडे आहे ते पंतप्रधानांकडेच असते आणि ईडी अर्थ मंत्रालयाखाली येते. लोकपाल कायद्यातही पंतप्रधानांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी सुरू करायची तर पूर्ण पीठाच्या दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता लागते. अशा स्थितीत पंतप्रधानांना अटक कोण करणार आणि तीस दिवस कोठडीत कोण ठेवणार? केंद्रातल्या कोणत्याही सरकारच्या बाबतीत, आजच्या किंवा उद्याच्या, हे कलम अमलात येण्याची शक्यता दिसत नाही. राज्यातल्या मुख्यमंत्र्याच्या बाबतीत मात्र ते पहिल्या दिवसापासून धारदार असेल. संयुक्त समितीने हे विधेयक सुधारायचे ठरवलेच, तर सुरुवात इथून करावी: सीबीआय आणि ईडीच्या प्रमुखांच्या नेमणुका, त्यांची मुदतवाढ आणि राजकारण्यांविरुद्धच्या प्रकरणांवरची देखरेख सरकारच्या हातून काढून घ्यावी, आणि ते होईपर्यंत अटकेच्या तारखेला घटनेत जागा देऊ नये.